मार्गदर्शन शिबिरात न विचारलेला प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्त्यांतील बुद्धविहारांमध्ये करिअर मार्गदर्शन शिबिरांचा हंगाम सुरू होतो. त्रिशरण-पंचशील होते, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्प वाहिले जाते, एखादे निवृत्त अधिकारी अध्यक्षस्थानी बसतात आणि मग इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, नर्सिंग, बँकिंग, एमपीएससी, शिष्यवृत्ती यांवर एकामागून एक भाषणे होतात. उत्तर नागपुरातील अशा शिबिरांत आम्ही गेली पंधरा-सोळा वर्षे कायद्याचे टेबल सांभाळतो. जातीचा दाखला कसा काढायचा, पडताळणीला कोणते पुरावे लागतात, नावातील बदल राजपत्रात कसा छापून घ्यायचा, हे सांगणे आमचे काम. ही शिबिरे म्हणजे चळवळीचे मोठे काम आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ज्यांच्या घरात विचारायला कोणी नाही अशा मुलांना इथेच वाट सापडली आहे. पण या शिबिरांत एक प्रश्न कोणीच विचारत नाही आणि त्यामुळे आमची काही हुशार मुले वाया जात आहेत, हे आम्हाला एका चुकीतून कळले. चूक आमची स्वतःचीच आहे. ज्या मुलाच्या बाबतीत ती झाली त्याने हा मजकूर वाचला आहे, आणि त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०१९ च्या जूनमधील गोष्ट. मुलगा सव्वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. वडील रेल्वेत, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. राज्यसेवेची पूर्व परीक्षा मुलगा दोनदा पार झाला होता आणि दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत अडकला होता. वडिलांनीच त्याला दंडाला धरून आमच्या टेबलापाशी आणले. म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगं हुशार आहे, मग काहून पास होत नाही, तुम्हीच पाहा बरं." आम्ही ठरलेली उत्तरे दिली. लेखनाचा सराव वाढव, बार्टीच्या प्रशिक्षणाला अर्ज कर, दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर लाव. वडील चहा घ्यायला उठले तेव्हा मुलगा टेबलाकडे बघत म्हणाला, "सर, मी नापास झालो नाही. मुख्य परीक्षेला बसलोच नाही. दोन्ही वेळा सेंटरच्या गेटवरून परत आलो."

का, ते त्याने तिथे सांगितले नाही. माणसांची ये-जा होती, माईक चालू होता. आठ दिवसांनी तो आमच्या कार्यालयात आला आणि तासभर इकडचे-तिकडचे बोलून शेवटी म्हणाला, "पोस्ट मिळाली की लग्न. घरी मुलींचे बायोडाटा येऊन पडलेत. मला मुलगे आवडतात, सर. मी कोणत्या मुलीला फसवू?"

आमच्या समाजात नोकरी आणि लग्न या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधल्या आहेत. वधू-वर परिचय मेळाव्यात माईकवरून पहिला प्रश्न येतो तो 'परमनंट आहे का?' हाच. याला कारणही आहे. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या महिन्याचा पगार ठाऊक नव्हता, त्याला ऑर्डर हातात आली की घर उभे राहिले असे वाटणारच. पण या मुलाच्या दृष्टीने निवड यादी म्हणजे लग्नपत्रिका होती. म्हणून त्याने वर्षानुवर्षे 'तयारी करतो' हे उत्तर धरून ठेवले. बेकार मुलाला मुलगी कोण देणार? नापास होणे हेच त्याचे संरक्षण होते. आम्ही त्याला वेळापत्रक लावायला सांगत होतो आणि तो जाणूनबुजून हरत होता.

आम्ही त्याला उपदेश केला नाही, एवढे बरे केले. पण वकिलाला असते तशी खोड आम्हालाही आहे. कोणाचे दुःख ऐकले की ते तडजोडीने मिटवता येईल असे वाटते. दोन रविवारांनंतर वंदना संपल्यावर आम्ही वडिलांना बाजूला घेऊन म्हणालो, "काकाजी, लग्नाची घाई करू नका. सगळ्यांच्या मनाचा कल सारखा नसतो." आम्हाला वाटले, आम्ही काही सांगितलेच नाही. पण वडील रेल्वेत पस्तीस वर्षे माणसे बघत आलेले. त्यांना तेवढे पुरले. त्या रात्री घरात काय झाले ते इथे लिहीत नाही. मुलगा एका बॅगेनिशी पुण्याला गेला.

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने फोडायची नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि त्याची जागा घेतलेल्या २०२३ च्या साक्ष अधिनियमातही आहे. त्याने वकीलपत्रावर सही केली नव्हती, ही सबब आम्ही स्वतःला काही दिवस सांगून पाहिली. ती टिकली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्या निकालात लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभा असल्याचे म्हटले. हा निकाल आम्ही व्याख्यानांतून समजावून सांगत असू. आमच्या वस्तीत मात्र सगळ्यांचे सगळे सगळ्यांना माहीत असते, आणि यालाच आपण आपुलकी म्हणतो. शिबिरातील मार्गदर्शक हा त्या वस्तीचाच माणूस. मुलाने सांगावे कोणाला?

पुण्यात त्याला एका कंपनीत रात्रपाळीचे काम मिळाले. कंपनी मोठी. जून महिन्यात तिथे सप्तरंगी झेंडे लागत, समलिंगी कर्मचाऱ्यांसाठी गट होता, मनुष्यबळ विभागाच्या बाई येऊन भाषण करीत. तिथे त्याने पहिल्यांदा आपल्याबद्दल मोकळेपणाने सांगितले आणि कोणी हसले नाही. आम्हाला फोनवर म्हणाला, "सर, इथे बरं आहे." मग थोडे थांबून म्हणाला, "पण सहा डिसेंबरची रजा 'घरगुती कार्य' म्हणून घेतली."

जेवणाच्या सुट्टीत त्याच गटातील मुले आरक्षणावर विनोद करीत. कोणी आडनाव विचारले की तो विषय बदलत असे. खोली भाड्याने घेताना घरमालकाने 'आपण कोण?' म्हटले तेव्हा त्याने गावाचे नाव सांगून वेळ मारून नेली. म्हणजे विहारात तो बौद्ध होता आणि मन लपवत होता. कंपनीत मन उघडे होते आणि बौद्ध असणे लपवत होता. पूर्ण माणूस म्हणून उभे राहायला त्याला दोन्हीकडे जागा नव्हती. समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. मुंबईत १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट निघाला, पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्यांनी मोठे काम केले. पण जातपडताळणी, भाड्याच्या खोलीत विचारले जाणारे आडनाव, सहा डिसेंबर हे आपले विषय. ते आपल्याच टेबलावर यायला हवेत, आणि तिथे यायला आपलीच मुले घाबरतात.

का घाबरतात, याचे उत्तर आमच्या बैठकांतून ऐकू येते. "हे उच्चवर्णीयांचे चोचले आहेत. समाजापुढे इतके प्रश्न असताना हा कुठला प्रश्न?" हे वाक्य आम्ही चांगल्या, अभ्यासू कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांना आम्ही १९३४ सालातील एका खटल्याची आठवण देतो. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे छापली गेली. सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे कराराला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. काळारामाचा सत्याग्रह चालू होता. बाबासाहेबांपुढे प्रश्न कमी होते असे कोणी म्हणणार आहे का? तरी त्यांनी हे वकीलपत्र घेतले. लोक लैंगिक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, त्या विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लीलता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ संबंधी निकाल देताना ज्या संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला, ती कल्पना संविधान सभेत बाबासाहेबांनीच आग्रहाने मांडली होती. समाजाला काय रुचते यावर माणसाचा हक्क ठरत नाही, हा तिचा अर्थ. हे तत्त्व आपल्याला पाण्याच्या तळ्यापाशी कळते आणि घराच्या उंबरठ्यापाशी कळत नाही, हे कसे?

दुसरा आक्षेप धम्माच्या नावाने येतो. पंचशीलातील तिसरे शील दाखवले जाते. आम्ही काही पाली पंडित नाही, पण उपासक म्हणून एवढे समजतो की ते शील मिथ्या कामाचाराविरुद्ध आहे. फसवणूक, जबरदस्ती, दुसऱ्याचा संसार मोडणे यांपासून ते आपल्याला अडवते. विनयात पंडकाला उपसंपदा नाकारली आहे, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण तो भिक्खुसंघाच्या प्रवेशाचा नियम आहे. उपासकाच्या घराला तो लागू करण्याचा अधिकार कोणी दिला? मिथ्या आचार शोधायचाच असेल तर, मन नसताना एखाद्या निष्पाप मुलीशी लग्न लावून तिचे आयुष्य बरबाद करणे, याला काय म्हणायचे ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

तिसरा प्रकार डॉक्टरकडे नेण्याचा. 'उपचार' करून मुलगा सुधारेल म्हणून घरे कर्जबाजारी झाल्याचे आम्ही पाहिले आहे. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असे स्पष्ट केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलण्याचे असे 'उपचार' करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ आमच्या वाचकांनी मुद्दाम वाचावे. उपचारात कोणत्या कारणांवरून भेदभाव करायचा नाही, याची जी यादी त्यात आहे, तीत धर्म, जात आणि लैंगिक कल एकाच वाक्यात येतात. त्या मुलाला जे कोणत्याच खोलीत एकत्र ठेवता आले नाही, ते संसदेने एका ओळीत ठेवले आहे.

आता नोकरीचे बोलू. अशा मुलाला कोणती नोकरी सांगावी? कायदा जिंकला म्हणजे नोकरी सुरक्षित झाली, असे समजू नये. प्राध्यापक रामचंद्र सिरस यांचे उदाहरण नागपूरकरांनी तरी विसरू नये. नागपूरशी नाते असलेला हा मराठीचा प्राध्यापक अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवत होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात घुसून चित्रण करण्यात आले आणि विद्यापीठाने निलंबित केले ते त्यांनाच. त्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल लागलेला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगितीही दिली. त्यानंतर आठवड्याभरातच ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते.

तरीही आमचे मत असे की आपल्या मुलांनी सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीचा मार्ग सोडू नये. सिरसांना निदान उच्च न्यायालयात जाता आले. सरकारी नोकराला अनुच्छेद १४ आणि १६ सरळ लागू होतात, चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही, आणि अनुच्छेद १५ मधील 'लिंग' या शब्दात लैंगिक कलही येतो असा अर्थ २०१८ च्या निकालात लावला गेला आहे. खासगी नोकरीत लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असे सरळ सांगणारा वेगळा कायदा नाही. झेंडा लावणे ही मालकाची मर्जी असते आणि मर्जी कधीही फिरते. त्या कंपनीने २०२० मध्ये टाळेबंदीत माणसे कमी केली तेव्हा सप्तरंगी गटातील मुलेही यादीत होती. आमचा मुलगाही होता.

तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने राहणाऱ्या सरकारी नोकराला सारा गाव 'लग्न कधी?' विचारतो, ही अडचण आहेच. म्हणून मुलाला पद सांगताना नेमणूक कुठे होते, राहावे कुठे लागते, बदली किती वर्षांनी होते, हेही सांगितले पाहिजे. आमच्या टेबलावर एकदा बारावी झालेली मुलगी आली होती. तिने एवढेच विचारले, "ज्यात राहायची सोय असते असे शिक्षण सांगा." आम्ही पगाराचा तक्ता दाखवत बसलो. आमच्या शेजारी बसलेल्या परिचारिका ताईंनी तिच्याकडे नीट पाहिले, काही न विचारता वसतिगृह असलेल्या नर्सिंग कॉलेजांची यादी लिहून दिली आणि पुढे नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची माहितीही दिली. त्या मुलीचे कारण आम्हाला आजही माहीत नाही. माहीत असण्याची गरजही नव्हती.

२०२१ मध्ये मुलाचा फोन आला. राष्ट्रीयीकृत बँकेच्या भरतीचा अर्ज भरायचा होता. वय अठ्ठावीस, म्हणजे खुल्या गटाची वयोमर्यादा हातातून निघून चालली होती; अनुसूचित जातीला पाच वर्षांची सवलत. पण जातीचा दाखला घरच्या पेटीत. पडताळणीची कागदपत्रे पेटीत. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, सगळे त्याच पेटीत. घरातून बाहेर पडलेले आपले मूल फक्त घर गमावत नाही; आरक्षणाचा हक्क सिद्ध करण्याची साधनेही गमावते. सवर्ण घरातील मुलगा भांडून निघाला तर गुणपत्रिकेवर त्याचे भागते. आपल्या मुलाला आजोबांपर्यंत जावे लागते, आणि आजोबांची वाट बापाच्या पेटीतून जाते. तेव्हापासून आम्ही अशा प्रत्येक मुला-मुलीला सांगतो: घरी काही सांगायचे की नाही आणि कधी सांगायचे, ते तुझे तू ठरव, पण त्याआधी सर्व कागदांच्या साक्षांकित प्रती आणि तुझे मूळ दाखले तुझ्याजवळ ठेव.

या वेळी आम्ही आधी मुलाची परवानगी घेतली आणि मग त्याच्या वडिलांकडे गेलो. ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटले नाही, पण जा असेही म्हटले नाही. पेटी उघडली. दाखला शोधताना त्यांच्या स्वतःच्या नोकरीचे जुने कागद वर आले. १९८४ ला लागले तेव्हा 'हिंदू-महार'. आमच्या वाचकांपैकी जुन्या माणसांना हे नवे नाही. १९५० च्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेल्याला केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत नव्हती. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती दिल्या होत्या, पण रेल्वे, पोस्ट, बँका केंद्राच्या. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे बौद्धांना ती मिळाली. तोवर हजारो घरांत भिंतीवर बुद्ध होता आणि सर्व्हिस बुकात हिंदू. काहींनी प्रामाणिकपणे 'बौद्ध' लिहिले आणि नोकरी गमावली. काहींनी पोटासाठी दुसरे लिहिले. आम्ही दोघांनाही दोष देत नाही.

काकाजी तो कागद हातात घेऊन बराच वेळ उभे होते. म्हणाले, "सहा वर्षं लिहिलं असं. ऑफिसात सत्यनारायण झाला तर तिथंबी बसलो. कोणी विचारलं तर हसलो." आम्ही काही बोललो नाही. एकदा बोलून चुकलो होतो. त्यांनी दाखला आणि आजोबांचा उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला दोनदा गाठ मारली आणि आमच्या हातात दिली. मुलाचे नाव घेतले नाही.

मुलगा आज एका बँकेत आहे. बापलेकाचे बोलणे सुरू झाले का, हे आम्ही लिहिणार नाही. ते त्यांचे आहे.

पारलिंगी मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. नाव आणि लिंग बदलले की दाखल्यावरील मूल वेगळे आणि समोर उभे असलेले वेगळे ठरते. २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांना मागासवर्ग समजून आरक्षण द्यावे असे म्हटले, पण जो आधीच अनुसूचित जातीचा आहे त्याने कोणत्या रांगेत उभे राहायचे? तमिळनाडूतील दलित पारलिंगी कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली ती याचसाठी. कर्नाटकाने २०२१ मध्ये एक टक्का समांतर आरक्षण दिले. या मागणीवर आमच्या संघटनांनी निवेदन देणे सोडा, चर्चाही केल्याचे आम्हाला आठवत नाही. त्यावर पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहू.

यंदाच्या शिबिरासाठी आम्ही विहार समितीला एक अर्ज दिला आहे. मार्गदर्शनाचे एक टेबल सभागृहात न ठेवता मागच्या ग्रंथालयाच्या खोलीत ठेवावे, तिथे एका वेळी एकालाच आत घ्यावे, पालकांनी बाहेर थांबावे आणि मार्गदर्शकाने ऐकलेले कोणालाही सांगणार नाही असे आधी लिहून द्यावे. पहिली सही आमची असेल. त्या खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. दारासाठी सुताराला विचारले, तो साडेसात हजार म्हणाला. सचिवांनी विचारले आहे, "वकीलसाहेब, करिअर मार्गदर्शनाला दार कशाला लागते?" येत्या रविवारी समितीची बैठक आहे.